फोडणीशिवायचं पिठलं

खानावळीत किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. धुराड्यात काजळी धरते तसे ते आपोआप धरतात. रोजच्या धुरात कळतही नाही, आणि एक दिवस भदकन आमटीत पडतात! औरंगपुऱ्यातल्या एका बोळात विमलची खानावळ आहे. तिथं मी तीस-एक वर्षं भाकरी थापतोय. शाळेचं आणि माझं काही जमलं नाही, त्यामुळं लिहायला वेळ लागतो. पण भाकरीलाही मी कधी घाई केली नाही. तेव्हा सावकाश सांगतो.

*

खानावळ मूळची विमलच्या आईची. तिला सगळे बाई म्हणायचे आणि मला काका.

सुनील फुलंब्रीचा. क्लाससाठी रोज एसटीनं यायचा आणि दुपारी आमच्याकडं जेवायचा. पोरगा गरीब गाय, पण जीभ भलती जागी! घास तोंडात गेला की सांगायचा, "काका, आज ज्वारी नवी हाय." "बाई, लसूण जरा करपला व्हय?" आणि ते खरं असायचं! बाईला राग यायचा. विमल मात्र तो काय म्हणतो ते ऐकायला वाढपाची पळी घेऊन तिथंच उभी.

एकदा त्यानं आमटीचा भुरका मारला आणि थांबला. "आज आमटी बाईच्या हातची नाय."

विमल म्हणाली, "मग कुणाच्या?"

"जिची हाय तिला सांग, रोज तिनंच करायची."

बाई माझ्या कानाशी आली. "काका, हा जेवायला येतो का पोरगी बघायला?"

मी म्हटलं, "दोन्ही. पण बाई, अजून पाच भाकऱ्या खातोय. भ्यायचं कारण नाय!"

नंतर तो तीनवर आला. तेव्हा मात्र मीच भ्यालो.

*

क्लासचं काही झालं नाही. सुनीलला आखातात एका हॉटेलच्या किचनमध्ये नोकरी लागली. "दोन वर्षांत येतो, मग घरी बोलू," असं म्हणाला.

आमच्याकडं लग्न ठरलं की येसर दळतात. येसर म्हणजे आमटीचा भाजून दळलेला मसाला. विमलनं काही न ठरताच दळायला घेतला. खमंग वास पार रस्त्यापर्यंत गेला. शेजारणी विचारायला आल्या, "कुणाचं ठरलं?"

बाई कावली. "अगं, आधी ठरू तरी दे!"

विमल म्हणाली, "ठरलंय. लोकांना सांगायचं तेवढं राहिलंय."

येसरचा डबा घेऊन सुनील गेला. दोन वर्षं व्हिडिओ कॉल आले. मग आजाराची ती साथ आली आणि फोन बंदच झाले. लोकांना सांगायचं जे राहिलं, ते राहूनच गेलं. पाच वर्षं!

*

त्या साथीत बाई गेली. चार दिवसांत खलास.

ज्या घरात माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे जेवण आणतात. त्याला कडू घास म्हणतात. फोडणीशिवायचं पिठलं आणि भाकरी. पण तेव्हा कोण येणार? सगळी दारं बंद. कुणीतरी बिस्किटांची पिशवी कडीला अडकवली आणि पळून गेलं.

आम्ही दोघं उपाशी बसलो. दुसऱ्या दिवशी विमल उठली आणि गॅस पेटवला.

मी म्हटलं, "पोरी, सुतक आहे."

"मागच्या गल्लीत पण एक जण गेलंय, काका. त्यांना कोण देणार?"

सुतकाच्या घरातून सुतकाच्या घरी डबा गेला! तेव्हापासून ती रीतच पडली. आसपास कुणी गेलं की विमलचा डबा जाणार. त्यातली भाकरी ती मोडून ठेवते. का, तर म्हणाली, "पहिला तुकडा मोडायला हात उठत नाय, काका. मला ठाऊक हाय."

*

सुनीलचे वडील, म्हणजे आबा, म्हातारपणी फुलंब्री सोडून मागच्या गल्लीत बहिणीकडं राहायला आले होते. खानावळीवरून जाताना मान खाली. पोराची लाज बापाला!

एका सकाळी त्या घरासमोर अँब्युलन्स आली आणि बहिणीनं हंबरडा फोडला. गल्लीत बातमी झाली, आबा गेले. विमलनं पिठलं टाकलं. डबा घेऊन मी गेलो. बघतो तर आबा खाटेवर उठून बसलेले! चक्कर आली होती, एवढंच.

आता डबा लपवायचा कुठं? त्यांनीच हातातून घेतला. झाकण काढलं, मोडलेली भाकरी बघितली आणि ओळखलं. मी खाली बघत राहिलो. आबांनी शांतपणे सगळं खाल्लं. हात धुतले आणि म्हणाले,

"विमलला सांग, पिठलं पातळ झालंय. पुढच्या टायमाला जरा घट्ट पाहिजे."

त्यानंतर आबांनी मान वर केली. जाता-येता ओरडायचे, "विमल, माझा डबा कधी?" ती म्हणायची, "तुमचं तुम्ही ठरवा, आबा!" एकदा मात्र ते दारात थांबले. म्हणाले, "सुन्या माझ्या मातीलाच येईल बघ. तू त्याच्यासाठी थांबू नको, पोरी."

 तिच्या मावशीनं आणलेल्या स्थळाला विमल त्याच आठवड्यात हो म्हणाली.

*

आता माझी चूक सांगतो.

पाहुणे विमलला बघायला यायचे होते त्याच दिवशी पहाटे आबा खरंच गेले. मावशी म्हणाली, "त्यांचं त्यांच्यापाशी. पाहुण्यांना परत पाठवायचं नाय." विमलनं दोन डबे केले. एकात काजू घातलेला शिरा, मावशीच्या घरी पाहुण्यांसाठी. दुसऱ्यात पिठलं, चांगलं घट्ट. मग ती साडी नेसून मावशीकडं गेली. सारखेच दोन डबे माझ्यापुढं ठेवून!

मला आबांची आठवण येत होती. नजर ठिकाणावर नव्हती. एक डबा रिक्षावाल्याकडं दिला, दुसरा आबांच्या दारात ठेवून आलो.

मावशीच्या घरी मुलाच्या आईनं झाकण उघडलं. फोडणी नसलेलं पिठलं, मोडलेली भाकरी! तिचा चेहरा पांढरा झाला. "इथं कोण गेलं?"

विमल म्हणाली, "इथलं अजून कुणी नाय."

मुलगा पंचेचाळिशीचा. बिचारा भुकेला असावा. म्हणाला, "आई, पिठलं चांगलं दिसतंय." आईनं त्याचा हात धरून त्याला ओढतच जिना उतरवला. स्थळ गेलं ते गेलंच.

आणि तिकडं आबांच्या घरी, मातीहून आलेल्या माणसांनी शिरा उघडला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर एक माणूस येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, अंगानं वाळलेला, हातात आमचा डबा. सुतक असल्यामुळं उंबऱ्याच्या आत येईना. विमल भांडी आवरत होती. तिनं बघितलं न बघितलं केलं.

"दादा, तिथंच ठेवा डबा."

तो हलेना. "बाकी काय पण म्हण, विमल. दादा नको."

तिच्या हातातलं पातेलं खाली ठेवायला तिला बराच वेळ लागला.

तो म्हणाला, "एकच विचारतो. काल विमानानं मातीला पोचलो, घरी येऊन शिरा खाल्ला. गोड पाठवलंस ते मी आलो म्हणून, का बाप गेला म्हणून?"

मी मधे पडलो. "सुनील, चूक माझी. डबे माझ्या हातनं बदलले."

विमल म्हणाली, "थांबा, काका. शिरा कसा झाला होता ते सांगू दे त्याला."

म्हणजे सगळ्या गोष्टी सोडून तिनं हे विचारलं! आणि ज्याला ज्वारी जुनी का नवी ते कळायचं, तो माणूस खाली बघत राहिला. काही सांगू शकला नाही.

*

का, ते त्यानं तेराव्यानंतर सांगितलं, आमच्या बाकड्यावर बसून. साथीत त्यालाही तो आजार झाला होता. त्यातून उठला, पण वास गेला, चव गेली. वर्षं झाली तरी परत आली नाही. किचनमधल्या माणसाला चव कळत नाही म्हटल्यावर कोण ठेवणार? मागच्या बाजूला भांडी घासायला लावलं.

"तुला काय तोंड दाखवू म्हणून फोन केला नाय," तो म्हणाला.

"तोंड कुणी मागितलं होतं? मी फोनच मागत होते."

 तो म्हणाला, "उद्याचं तिकीट हाय. तू थांब म्हणालीस तर थांबतो. पण माझ्यात आता काय राह्यलं नाय, विमल. तुझ्या हातचं खाईन आन् मला कळणार नाय."

तिनं थांबही म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. म्हणाली, "उद्या जेवून जा."

*

दुसऱ्या दिवशी तो आला. बॅग दाराशी ठेवली. खानावळ भरलेली होती. विमलनं स्वतः आमटी वाढली.

पहिल्याच घासाला पलीकडच्या बाकड्यावरून आवाज आला, "काका, मिठाचं पोतं सांडलं काय!" दुसऱ्यानं वाटी सरकवली. तिसरा नळावर जाऊन चूळ भरून आला. मी बोटानं चाखली. जीभ भाजल्यासारखी झाली! इतक्या वर्षांत विमलचं मीठ कधी चुकलं नव्हतं.

सुनीलच्या पाठीमागं हा सगळा गोंधळ. तो मात्र खाली मान घालून सावकाश जेवत होता. वाटी पुसून घेतली.

विमल समोर उभी राहिली. "कशी झालीय?"

त्यानं एकदा मागच्या सरकवलेल्या वाट्यांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. म्हणाला, "चांगली झालीय."

विमल आत गेली. खानावळीची मालकीण गिऱ्हाइकांत बसून कधी जेवत नाही, बाईपासून तसंच चालत आलेलं. तिनं आपलं ताट वाढून आणलं आणि त्याच्या समोरच्या बाकड्यावर बसली. त्याच खारट आमटीत भाकरी कुस्करली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, पण थांबली नाही. 

मी तांब्या घेऊन पुढं गेलो. "पोरी, पाणी घे."

तिनं तांब्या हातानं बाजूला केला.

"पाणी नको, काका. आम्हा दोघांना भाकरी टाका."