डेक गावचा डेकर

तमाम आडनावधारकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या गल्लीत लॉकडाऊनच्या काळात एक अस्सल ‘कर’ सापडला. संशोधक अर्थातच मी.

तो माझा शेजारी. ऐंशीचा, एकटा, कुंपणावरून सबंध डोकं दिसेल इतका उंच. त्याचे खापरपणजोबा हॉलंडच्या जहाजावर खलाशी होते. मेलबर्नला उतरले ते परत चढलेच नाहीत. गाव कुठलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“बाप म्हणायचा, आपण कुठलेच नाही,” तो सांगायचा. “मरायच्या आधी गावाचं नाव कळलं पाहिजे, मेट.”

आडनाव डेकर. आता तुम्ही तरी गप्प बसला असतात का? मी कुंपणावरूनच निकाल दिला. “आमच्याकडे पेणचा तो पेणकर, चिपळूणचा तो चिपळूणकर. तू डेकर, म्हणजे डेक गावचा!”

त्याचे डोळे असे काही चमकले की शब्द मागे घेण्याची सोयच उरली नाही. जेवणाच्या टेबलावर हॉलंडचे जुने नकाशे पसरून तो भिंग घेऊन बसू लागला. रोज दुपारी कुंपणापाशी हजेरी. “आजही नाही सापडलं. नो वरीज. उद्या बघू.”

असे तीन आठवडे गेल्यावर माझ्या बायकोने डच शब्दकोश उघडला. “अहो, डेकर म्हणजे छपरं शाकारणारा. धंदा आहे तो, गाव नाही! जा, आत्ताच्या आत्ता सांगून या.”

“उद्या सांगतो,” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात अँब्युलन्स होती. कोविड. हॉस्पिटलात कुणालाच सोडत नव्हते. त्याची मुलगी पर्थला, आणि तिकडच्या राज्याची सीमा बंद. पाचव्या दिवशी नर्सने त्याला माझा नंबर लावून दिला. आधी श्वास ऐकू आला, मग शब्द.

“सापडलं?”

“सापडलं,” मी म्हणालो. बायको माझ्याकडे बघतच राहिली. “समुद्रकाठी आहे. छोटंसं.”

“घरं किती?”

“चाळीसेक.”

मग, “छान.” त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. त्यातच तो गेला.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. आम्ही लॅपटॉपवर. पर्थहून मुलगी बोलत होती. बाबा शेवटी अगदी शांत होते, नर्सला त्या गावाबद्दलच सांगत होते. विमानं सुरू झाली की त्यांची राख ती स्वतः डेकला नेणार होती, तिथल्या समुद्रात सोडायला.

आमचा माइक चालू राहिलाय हे माझ्या लक्षात येईपर्यंत बायको मोठ्याने बोलून गेली होती:

“अगं बाई, ते गाव आमच्या ह्यांनी वसवलंय!”