दाताचा रंग कोणी ठरवायचा

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला माझा समोरचा दात उसानं मोडला. सुप्याच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासायचं काम करायची. कोणीतरी शेतातला ऊस आणला होता. दुपारच्या सुट्टीत सगळ्या जणी दातांनी सोलत होत्या, मीही सोलला. अर्धा दात कांड्यातच राहिला. चाळिशी उलटलेल्या बाईनं कोयता मागायला हवा होता, एवढंच.

नगरला माझ्या घराजवळ दातांचे एक डॉक्टर होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. नस काढून दातावर कॅप बसवावी लागेल. कॅप दोन तऱ्हेची. एक प्लॅस्टिकची, ती ते दवाखान्यातच बनवत. सकाळी खुर्चीत बसलं की संध्याकाळी दात घेऊन घरी. पण ती फार दिवस टिकत नाही. दुसरी सिरॅमिकची, आतून धातूची. तिचं माप पुण्याला जाई आणि कॅप तयार होऊन यायला आठवडा तरी लागे.

"पुण्याच्या कॅपसाठी रंग निवडावा लागतो," ते म्हणाले. "येताना घरचं कोणी घेऊन या. मी तुमचे दात आज पहिल्यांदा बघतोय. तुम्हाला हसताना पाहिलेलं माणूस हवं."

मी प्लॅस्टिकची सांगितली. तिच्यात एकच पांढरा रंग होता, कोणाला काही विचारायचं नव्हतं. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मुलगा बडोद्याला नोकरीला. दाताच्या रंगासाठी त्याला रजा घ्यायला लावणं काही बरं नव्हे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पॅकिंगवाली म्हणाली, "मॅडम, ट्यूबलाइट बसवली का?"

"डॉक्टरनं टोपी घातली बाईंना," तिच्या शेजारची म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले, ओठ मिटून. पुढेही तसंच हसायची सवय लागली. काही महिन्यांत ती कॅप हळदीनं पिवळी पडली आणि एके दिवशी भाकरीच्या घासाबरोबर निघून हातात आली. असली वस्तू माझ्या टेबलावर आली असती तर मी पहिल्याच दिवशी परत पाठवली असती.

पुन्हा दवाखान्यात गेले. या वेळी पुण्याची कॅप सांगितली. डॉक्टरांनी नमुन्याच्या दातांची पट्टी काढली.

"बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही."

त्यांनी पट्टी आणि आरसा माझ्याच हातात दिला. दिवसभर नग पास-नापास करणारी मी, पण मला त्यातले तीन रंग एकसारखेच दिसत होते. उजेड बरा मिळेल म्हणून बाहेर खिडकीशी गेले. तिथल्या बाकावर एक म्हातारी गाल धरून बसली होती, दाढ काढायला आलेली. मी पट्टी तिच्यासमोर धरली.

"आजी, यातला माझ्या दातांसारखा कुठला?"

"तुज्या घरी कोन न्हाई का गं बगायला?"

"मालक वारले. मुलगा लांब असतो."

"मंग माज्यावर आली व्हय पाळी! आन् ओठ मिटून काय दावतीस? हस की."

हसायला सांगितलं की हसू येत नाही. मी नुसते दात पुढं केले.

"आगं, मढीच्या बाजारात गाढवं बी तुज्यापरीस बरं तोंड उघडत्यात. तितं दात बगितल्याबिगर सौदा व्हत न्हाई!"

मी हसले. इतक्या मोठ्यानं, की डॉक्टर आतून डोकावले. म्हातारीनं गालावरचा हात काढला आणि पट्टीतल्या एका दातावर बोट ठेवलं.

"ह्यो. तुजा दात दुधाचा न्हाई, सायीचा हाय."

माप पुण्याला गेलं, कॅप आली, बसली. आरशात पाहिलं तर मलाच ती क्षणभर सापडेना. कारखान्यात कोणी काही बोललं नाही. माल पास झाला, असं मी धरलं.

दिवाळीला मुलगा आला. दात मोडल्याचं मी त्याला तेव्हा फोनवर सांगितलं होतं. चकली खाता खाता त्याला ते आठवलं.

"आई, तुझा दात मोडला होता ना? कुठला गं?"

"तूच सांग," म्हटलं आणि त्याच्यासमोर बसून चांगली तोंडभर हसले.

तो पुढं वाकला. डोळे बारीक करून, बराच वेळ लावून त्यानं पाहिलं. मग बोट दाखवलं, ते शेजारच्या दाताकडं, माझ्या स्वतःच्या.

"हा. रंग जरा वेगळा वाटतोय."

"हो, तोच," मी म्हटलं आणि त्याच्या ताटलीत आणखी एक चकली ठेवली.