उजवा गाल झाला, डावा राहिला

त्वचेच्या क्लिनिकमधल्या मदतनीस बाईचा चेहरा दोन बायकांचा वाटायचा. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर तारुण्यातल्या मुरुमांचे खड्डे जसेच्या तसे. देवाने काही असं अर्धवट काम केलं नव्हतं. ते क्लिनिकच्या मॅडमनी केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "तुझा चेहरा फुकटात करून देते." खड्डे भरून काढायचं बारीक सुयांचं पेन घरघर करत चार वेळा उजव्या गालावर फिरलं. पाचव्या वेळी तिने डावा गाल पुढे केला, तर मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात बघू."

तो महिना काही उजाडेना. गिऱ्हाईक आलं की मॅडमची हाक यायची, "ताई, जरा वळा बघू." आधी डावा, मग उजवा. बायका बोट लावून बघायच्या. एकीने तर नखाने खरवडून पाहिलं, वर मेकअप नाही ना म्हणून! लोकांच्या तोंडावरचं रक्त टिपताना, तो ओला कापूस उचलताना तिला कधी किळस आली नव्हती. ते काम होतं. ही बोटं मात्र घरी जाईपर्यंत गालावर वळवळत राहायची.

घरी दीर चिडवायचा, "वहिनी, आज कुठली बाजू ड्युटीवर?" सगळे हसायचे, तीही हसायची. पण सकाळी हात जोडले की मनात एकच यायचं, देवा, तेवढा डावा गाल होऊ दे. असलं मागणं मागायची तिला लाज वाटे. तरी मागायची.

शेवटी "काम सोडते" म्हणाली, तेव्हा कुठे मॅडमनी तिला टेबलावर झोपवलं. बधिर करणारं मलम डाव्या गालावर थापलं, वर प्लॅस्टिक चिकटवलं. सुयांचं नवं पाकीट ट्रेमध्ये समोर दिसत होतं. डोळे मिटून ती नाम घेत पडून राहिली.

अर्धा तास होत आला, तोच मॅडम घाईने आत आल्या. "अगं ऊठ, पूस ते. आई आणि दोन मुली आल्यात, तिघींचं करायचंय. एकदा दाखवू, मग करू तुझं."

"मॅडम, मलम लावलंय."

"परत लावू की. गाल काय पळून चाललाय?"

ती पुसून बाहेर आली. आईने लगेच बोट पुढे केलं. बोट गालावर टेकलेलं तिला दिसलं, पण जाणवलं काहीच नाही. वांगं दाबून बघावं तसं ते या खड्ड्यातून त्या खड्ड्यात फिरत होतं.

"बघा गं, केवढा फरक! लावून बघा तुम्हीपण," आई मुलींना म्हणाली.

"शी! मी नाही," म्हणत धाकटीने हात पाठीमागे लपवला.

"बरोबर आहे गं बाळ तुझं," ती म्हणाली. "मलाही शीच वाटतं." आणि तिने त्या बाईचं बोट धरून गालावरून बाजूला केलं.

मॅडम दात ओठ खात तिच्या मागोमाग आत आल्या. "आता डावी बाजू विसर तू."

"विसरले."

बेसिनपाशी तिने तोंड धुतलं. बधिर गालाला मलम निघालं की नाही ते कळेना, म्हणून पुन्हा साबण लावला. मग पिशवी उचलली आणि निघाली.

घराच्या दारातच दीर उभा. "काय वहिनी, लवकर? आज कुठली बाजू ड्युटीवर?"

"कुठलीच नाही. दोन्ही घरी आल्या," ती म्हणाली. डाव्या गालाला तेव्हा कुठे मुंग्या यायला लागल्या होत्या.