जेट बोटीतल्या पुढच्या सीटवरच्या बाई

कोलशेतच्या खाडीत जेट बोटीची फेरी मारायला मी गेलेलो, तेव्हा पुढच्या सीटवर माझ्या शेजारी साठीतल्या एक बाई येऊन बसल्या. डोंबिवलीहून एकट्याच आलेल्या. खोचलेल्या पदरावर नारिंगी लाइफ जॅकेट, चष्म्याला मागून नाडी.

"पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी एकदा सुसाट जायचंय," त्या मला म्हणाल्या.

बोट सुटली. जरा वेळाने त्यांनी चालवणाऱ्या कोळीदादांच्या खांद्यावर टकटक केलं.

"अहो, धक्क्यावरच्या बोर्डावर ताशी ऐंशी लिहिलंय. काटा तर पन्नासच्या पुढे जाईना!"

दादा हसले. "मावशी, ऐंशी रिकाम्या बोटीला, सपाट पान्यावर. आज बोट भरलीय, समोरून वारा हाय. पन ही वलते कशी ते बघा. घट्ट धरा!"

आणि त्यांनी बोट जागच्या जागी गर्रकन फिरवली. आभाळ, खारफुटी, पलीकडचे टॉवर, सगळं एकात एक मिसळलं. खारं पाणी तोंडावर आलं. मी डोळे गच्च मिटलेले. बाई मात्र "आई गंऽऽ" ओरडत खो खो हसत होत्या. ते ऐकून मलाही हसू आवरेना.

"ऐंशी राहू दे," त्या धापा टाकत म्हणाल्या, "पोटात गोळा आला ना, बास! परत फिरवा!"

धक्क्यावर उतरलो तेव्हा त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. पदर पिळत त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "हो रे, देवळातच आहे. गर्दी आहे फार, वेळ लागेल."

फोन ठेवून त्या पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. मीही त्यांच्या मागे.