चादर कोरडी राहावी म्हणून

माझ्या अक्षराला हसू नका. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. तोंडाने जमत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही गुडीहत्नूरजवळ भाजी लावतो. सकाळी मी बाजारात बसते. बोलते कमी, पण कुणी भाजीचं विचारलं की सांगते — बाळंतिणीला शेपू द्या, लेकराला पालक वरणात घोटून द्या, म्हाताऱ्या माणसाला दुधी, पचायला हलका. बायका ऐकतात. कुणाला काय खाऊ घालावं हे मला कळत होतं. हे आधीच लिहून ठेवते.

सासूबाई पडल्या, खुबा मोडला, मग खाटेवरच राहिल्या. नर्सबाई घरी येऊन सांगून गेल्या — दात नाहीत तर मऊ भात, वरण, दूध, उकडलेलं अंडं कुस्करून. थोडं थोडं, पण दिवसातून चार-पाच वेळा. भैंसा गावी दिलेली माझी नणंद दर महिन्याला दुधाचे पैसे पाठवायची.

दोन महिने दिलं सगळं. पण खाल्लं-प्यायलं की चादर भरायची. तुम्ही कधी रोज तीन-तीन चादरी धुतल्यात? — नको, हे विचारायला नको. धुणाऱ्या पुष्कळ आहेत.

आधी संध्याकाळचं दूध बंद केलं. मग दुपारचा भात. मग पाणीही कमी. चादर कोरडी राहिली — आणि मला बरं वाटलं.

त्या मागायच्या. "सुमन, भूक लागली वो."

मी म्हणायची, "आत्ताच तर जेवल्या ना, आत्याबाई. विसरल्या तुम्ही."

पहिल्यांदा त्या हसल्या. "मंग माया पोटाले सांग ना, ते काऊन इसरत नाई?"

पुढे हसेनात. नुसती मान डोलवायच्या. अख्ख्या गावाची सोयरीक तोंडपाठ असलेली बाई — तिला खरंच वाटायला लागलं की आपण जेवलो ते विसरतो. हे मी केलं. उपाशी ठेवलं, आणि वर त्यांचा स्वतःवरचा भरवसाही काढून घेतला.

नणंद भेटायला आली. आईचा दंड हातात धरून म्हणाली, "इतकी वाळली काऊन वो, आई? वैनी खायले देत नाई काय?"

मी दारातच उभी होते.

"देते ना, माय," सासूबाई म्हणाल्या. "मीच खाऊन इसरून जाते."

तेव्हा बोलता आलं असतं. मी चहा टाकायला आत गेले.

उन्हाळ्यात त्या गेल्या. उचलताना नवरा म्हणाला, "आईत काईच वजन नाई राह्यलं." त्याला वाटलं, वय झालं म्हणून.

दुधाचे पैसे मी बियाण्यात घातले होते. भाऊबीजेला नवरा ओवाळणीत टाकतो त्या नोटा मीच काढून देते. दरवर्षी त्यात थोडे जास्तीचे घालत गेले, भाजीच्या जुड्यांतून बाजूला ठेवलेले. नणंद चिडवायची, "दादा, तुया पालकाले सोनं लागून राह्यलं काय?" तो माझ्याकडे बघून हसायचा. मी ताटाकडे बघायची.

यंदाच्या भाऊबीजेला शेवटचे घातले. दुधाचे पैसे सगळे फिटले.