वाकून गाणारी बाई

ऑफिसात डबा खाताना आमच्यातली एक मुलगी मोबाइलवर जुनी गाणी नव्या आवाजांत लावते. ती त्याला कव्हर म्हणते. आमच्या घरी त्याला नक्कल म्हणत आणि दिवाळी ते होळी आमचं घर त्या नकलेवर चालायचं. त्यामुळे मला गप्प बसवत नाही. इथे श्वास चुकला, इथे जागा खाल्ली, इथे मूळ गाणाऱ्यानं आवाज खाली आणलाय आणि हा पठ्ठ्या वर लटकून बसलाय. एकदा ती मुलगी वैतागून म्हणाली, "ताई, तुम्ही गाणं ऐकता का तपासणी करता?" मी पोस्टातली बाई, तपासणीच करते. त्याबद्दल मी कधी कोणाची माफी मागितलेली नाही.

माझे बाबा सानगडीजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, आणि मंडईचे दिवस आले की ऑर्केस्ट्रात गायचे. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, एकेका गावात एकेक दिवस भरते. दुपारी मांडव उभा राहायचा, खाली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलेली असायची आणि निवेदक ओरडायचा, "ऐका हो ऐका, एका गळ्यातून दोन आवाज!" ते दोन आवाज बाबांचे. एक जुनं हिंदी युगलगीत होतं. त्यातलं पुरुषाचं कडवं बाबा डावीकडे तोंड करून म्हणत आणि बाईचं कडवं उजवीकडे वळून. मांडवातल्या अर्ध्या लोकांना पुरुष दिसायचा, अर्ध्यांना बाई.

मला नेहमी उजव्या बाजूला बसवत. त्यामुळे माझ्याकडे ती बाई यायची.

बाबा मान वळवत, हनुवटी छातीला टेकवत, कमरेत थोडे वाकत आणि त्यांच्या तोंडातून एक बारीक, थोडा दमलेला आवाज निघायचा. लोक शिट्ट्या मारत. बाई कशी लाजते बघा, म्हणत. मी मात्र तणसात बोटं खुपसून बसायची. माझ्या बापाच्या मिशीखालून एक अनोळखी बाई बोलते आणि डोळे वर करून माझ्याकडे बघतसुद्धा नाही, हे मला सहन होत नव्हतं. कडवं संपलं की बाबा परत वळायचे. ती मग कुठे जाते, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची.

पुढे मला वाटायला लागलं की ती आमच्याच घरी राहते. त्याला कारणही होतं. मी दुसरीत असेन. शाळा लवकर सुटली, मी घरी आले, तर बंद दाराच्या आतून तीच गात होती. बाबा तर शाळेत घंटेपाशी उभे होते, मी त्यांच्या समोरूनच आले होते. मी दार ढकललं. आत फक्त आई, चुलीसमोर. बाकी कोणी नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या खोलीत एकटी गेले नाही. पाणी प्यायलासुद्धा आईचा पदर धरून जायची आणि आई रागवायची.

गेल्या थंडीत बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आंधळगावचे पेटीवाले काका आले, आयुष्यभर त्यांच्याच पेटीवर बाबा गायले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि जाताना त्यांनी माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. त्यात कॅसेटी होत्या. "ठेव बाई," म्हणाले, "आमच्या घरी कोन आयकते आता." मी त्या साकोलीत एका मोबाइलच्या दुकानात देऊन फोनमध्ये भरून घेतल्या.

मला बाबांचा आवाज हवा होता. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण माझ्याकडे तो नव्हता. घरी ते मोजकं बोलत. चहा दे, दार लाव, अभ्यास कर. आणि गात तेव्हा दुसऱ्याच्या आवाजात गात. म्हणून मी ठरवलं की मूळ गाणं आणि बाबांचं गाणं शेजारी शेजारी ठेवून ऐकायचं, ओळीमागे ओळ. जिथे जिथे फरक सापडेल, तिथे बाबा असणार. मूळ वजा केलं की उरेल तो माझा बाप. साकोलीहून गावी जाताना बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, रविवारी अंगणात, मी दोन-तीन महिने हेच केलं. माझ्यासारख्या भांडखोर कानाच्या बाईला हे काम जमायलाच हवं होतं.

पुरुषाच्या कडव्यात काहीच उरलं नाही.

खरंच सांगते, केसाएवढाही फरक नव्हता. मूळ गाणाऱ्याला त्या दिवशी बहुतेक सर्दी होती, एका ओळीत नाक भरल्यासारखं येतं. बाबांनी ती सर्दीसुद्धा उचलली होती. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. इतकी वर्षं माइकसमोर उभा असलेला माणूस तिथे नव्हताच. मला बाबांचा राग आला. एवढं कोणी पुसून घेतं का स्वतःला?

मग मी बाईचं कडवं घेतलं, आणि तिथे उलटंच झालं. तिथे सगळाच फरक होता. सिनेमात गाणारी बाई एक ओळ एका दमात म्हणते, सरळ, ताठ. बाबांच्या गळ्यातली बाई प्रत्येक ओळीच्या मधोमध श्वास तोडते. शब्द अर्धा राहतो, मध्ये हलकासा हुंकार येतो आणि मग उरलेला शब्द येतो. ओळीच्या शेवटी आवाज खाली टेकतो. ज्या माणसानं दुसऱ्याची सर्दी सोडली नाही तो असा ढळढळीत चुकेल? एका ठिकाणी नाही, प्रत्येक ओळीत, प्रत्येक कॅसेटमध्ये? ही चूक नव्हती. ही दुसऱ्याच कोणाची तरी पक्की, घोटलेली नक्कल होती. बाबांनी कधीतरी एका बाईला ऐकलं होतं आणि ती बाई पडद्यावरची नव्हती.

ती कोण, या विचारानं मला झोप येईना असं म्हणणार नाही, मी व्यवस्थित झोपत होते. पण दिवसा ती पाठ सोडेना. पोस्टात शिक्के मारताना तो हुंकार ऐकू यायचा. एकदा तर डब्याच्या वेळी त्या मुलीनं मूळ गाणं लावलं आणि मला मूळ गाण्यातही मधोमध श्वास ऐकू आला. मी तिला मागे घ्यायला लावलं, परत ऐकलं. श्वास नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी डबा झाकला आणि उठले. बाबांचं बाहेर काही होतं का, हा घाणेरडा विचारही मनात येऊन गेला, तो लपवत नाही.

श्रावणातल्या एका रविवारी मी गावी होते. आई आत पडली होती. मी मागच्या अंगणात खाट टाकून एका कानात बाबांची बाई लावली होती, दुसरा कान मोकळा. आमच्या घरामागे तलावाखालच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं आहेत, त्यांत रोवणी चालली होती. धानाची रोपं चिखलात लावायची ती रोवणी, ती बायाच करतात, दिवसभर कमरेत वाकून. हल्ली रोवणीत कोणी गात नाही, शेताच्या कडेला धुऱ्यावर फोन लावून ठेवतात. पण त्या दिवशी एक म्हातारी बाई आपली आपण काहीतरी गुणगुणत मागे मागे सरकत होती. रोप खाली टोचताना तिचं पोट दाबलं जायचं आणि ओळीच्या मधोमध श्वास तुटायचा. हलकासा हुंकार यायचा. मग ती उरलेला शब्द म्हणायची.

माझ्या दोन्ही कानांत एकाच वेळी तोच श्वास तुटला. एकात चिखलातली बाई, दुसऱ्यात माझा मेलेला बाप. ती वाकून गाणारी बाई होती. बाबा माइकसमोर उभे होते, त्यांच्या पोटाला काही दाबत नव्हतं. पण त्यांच्या आतली बाई वाकलेली होती, आणि तिच्यासाठी ते मांडवात कमरेत वाकत. लोकांना ते लाजणं वाटायचं.

मी आत गेले. आई उठून बसली होती, सुपात तांदूळ घेऊन खडे काढत होती. आईनं बाबांचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. मले लाज वाटते, म्हणायची आणि घरी राहायची. मी फोन तिच्यासमोर ठेवला आणि बाईचं कडवं लावलं.

आईचे हात थांबले. मग तिचे खांदे हळूहळू पुढे आले. प्रत्येक ओळीच्या मधोमध, जिथे कॅसेटमधला श्वास तुटत होता, तिथेच तिचाही तुटत होता. ती हे मुद्दाम करत नव्हती.

"हे कुठून आनलं वं?"

"पेटीवाल्या काकाईनं देल्लं. माय, बाबानं हा आवाज कोनाचा घेतला? सिनेमातल्या बाईचा नाही हाये हा."

"माहा हाये," आई म्हणाली. दोरीवरचा टॉवेल माझा आहे, असं सांगावं तसं.

मी गाणं थांबवून तिच्यासमोर बसले.

"लगन झालं तवा तुह्या बाबाले बाईचा आवाज जमेच नाही," ती सांगू लागली. "पातळ आवाज काढे, तं लोकं हासत. मी ते गानं बांधीत म्हनत होती, शेजारच्या रेडिओवर आयकून पाठ केलं होतं. ते म्हने, मले शिकव. मी चुलीपाशी म्हनो, ते मांगून म्हनत. जसं मी म्हनो तसंच उचललं त्यायनं."

"मंग तू कधीच म्हनत नाही! काहून सोडलं?"

आईनं सुपातला एक खडा उचलला आणि तो कितीतरी वेळ चिमटीत धरून ठेवला.

"त्यायचं नाव झालं ना मंग. रोवनीत मी म्हटलं का बाया म्हनत, काय वं, नवऱ्याची नक्कल करून राहिली का? पहिले मीबी हासली. एका वर्षी कोनीतरी धुऱ्यावर टेप आनला, त्याच्यात हेच गानं. मी संगं म्हनाले लागली. म्हनता म्हनता मले समजेच ना, मी म्हनून राहिली का ते. म्हनून मी चूप झाली. तं मी चूप झाली तरी माहा आवाज चालूच होता."

बाहेर ती म्हातारी अजून गुणगुणत होती. मी उठून मागचं दार लावून घेतलं.

"बांधीत सोडलं मंग. घरी म्हनत होती, दार लावून. तुमी दोघंबी शाळेत राहत. एक दिवस तू लवकर आली. दार ढकललं, मले पाह्यलं, अन् मंग माह्या मांगं पाह्यलं. मले म्हटलं तू, कोन गाऊन राहिलं होतं?"

"तू काय म्हटलं?"

"म्हटलं, कोनी नाही."

एवढंच बोलून ती परत खडे काढायला लागली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच मला जास्त लागलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यातले श्वास मोजले, चुका दाखवल्या, मूळ काय आणि नक्कल काय यावर सगळ्यांशी भांडले. आणि मूळ गाणारी बाई मला दोन वेळचं वाढत होती. मी तिला समोर बघून तिच्या मागे शोधलं होतं.

मी तिचा हात धरला. "माय, आता म्हन ना. माह्यासाठी."

"वेडी हाये का? या वयात?"

"एक कडवं. दार लावलं हाये मी."

फार आढेवेढे घेतले तिनं. मग सूप बाजूला सरकवलं, पदर सारखा केला, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि सुरू केलं. सुरुवातीला आवाज फाटका होता, दोन शब्दांनंतर खोकला आला. मग कुठेतरी आतून तो मोकळा झाला. बारीक, थोडा दमलेला. मध्ये श्वास तुटला, हुंकार आला, उरलेला शब्द आला.

मी ठरवलं होतं की तिलाच ऐकायचं. मी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही, तिच्या हनुवटीवरचं गोंदण बघत राहिले, मनात म्हणत राहिले, ही आई आहे, ही आई आहे. काही उपयोग झाला नाही. माझ्या कानात मांडव उभा राहिला, तणसाचा वास आला आणि मिशीवाला माणूस मान वळवून माझ्या बाजूला आला. इतके महिने कॅसेटींत शोधून जो सापडला नव्हता तो माझा बाप आईच्या तोंडातून आला. मला रडू फुटलं, मोठ्यानं, आवरताच येईना.

आईनं ओळ अर्ध्यात सोडली. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"बाबाची आठवन आली ना?"

नाही म्हणायला हवं होतं. एवढं एक खोटं मला जमायला हवं होतं, त्यात कोणाचं काही गेलं नसतं. पण तोंडातून हो निघून गेलं.

आईनं मान हलवली, तिला जणू ते ठाऊकच होतं. माझ्या डोळ्यांवरून पदर फिरवला, सूप परत मांडीवर घेतलं आणि फोनकडे बोट दाखवलं.

"लाव मंग त्यायचंच."

मी लावलं. तिनं दोन्ही कडवी शेवटपर्यंत ऐकली. गाणं संपलं तेव्हा म्हणाली, "आवाज चांगला होता त्यायचा."