रिकामी डावी बाजू

पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या कचेरीत सुनंदाबाईंनी लिहिलेली एक ओळ पडद्यावर होती. आकड्यांच्या अख्ख्या रांगा एका दमात हाताळणारी ही संगणकाची भाषा. सरासरी काढणाऱ्या फंक्शनच्या उजवीकडे आकडे द्यायचे, डावीकडे सूचना. डावी बाजू कोरीच होती.

“तिथे काही नाही दिलं तरी चालतं,” बाई म्हणाल्या.

‘चालतं’ या शब्दावर माझा विश्वास नाही. टपरीवर नुसता चहा म्हटलं की त्यात साखर पडतेच. आपण गप्प राहिलो की कोणीतरी आपल्या वतीनं ठरवून टाकतं, आणि पुढे तीच आपली आवड होऊन बसते.

मी फंक्शन उघडून पाहिलं. सूचना नसेल तर नोंद नसलेला दिवस शून्य धरायचा, असं आत लिहिलेलं. कोणी ठरवलं, बाईंनाही ठाऊक नव्हतं. मी डावीकडे नावानिशी सूचना दिली, ‘नोंद नसलेले दिवस: वगळा’. डोंगराकडच्या एका गावाची सरासरी एकदम वर गेली.

“म्हणजे पाऊस पडत होता,” बाई हळूच म्हणाल्या. “मोजणारा रजेवर होता.”

ते गाव कोरडं असल्याच्या अहवालावर सही माझी होती.